मे महिन्यात बोअर मारायला येऊ नका

ठाणे आणि नवी मुंबईतल्या गृहसंकुलांच्या समित्यांना, उत्सव मंडळांना आणि कंपन्यांच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारी) विभागांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

एप्रिल सरता सरता एक फोटो सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरू लागतो: डोक्यावर तीन हंडे, खाली तापलेला कातळ, मागे सह्याद्रीचा कडा. वर्गणी जमते, एखादी कंपनी उरलेली रक्कम घालते आणि मेच्या मध्यावर बोअरची गाडी मुरबाड किंवा शहापूरच्या एखाद्या पाड्यावर पोचते. दोनशे फूट खोदाई होते, नारळ फुटतो, हातपंप बसतो. पुढच्या एप्रिलमध्ये त्याच पाड्याचा तोच फोटो पुन्हा फिरतो. तुमच्या हेतूबद्दल आम्हाला शंका नाही. आमचे म्हणणे त्या दगडाबद्दल आहे आणि कॅलेंडरबद्दल आहे.

आधी दगड. हा सगळा डोंगर म्हणजे ज्वालामुखीचा लाव्हा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी तो भेगांतून बाहेर आला आणि थरावर थर साचत गेला. आज दख्खनच्या पठारावर तो सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर पसरलेला आहे. माळशेजच्या घाटात गाडी थांबवून समोरच्या कड्याकडे पाहिलेत तर थर मोजता येतात. प्रत्येक थराच्या पोटात काळा, घट्ट पाषाण. वरच्या अंगाला भोकाभोकांचा ठिसूळ खडक, ज्याच्या भोकांत पांढऱ्या गारगोट्या भरलेल्या असतात. आणि दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे गेरूसारखा लाल पट्टा, कुठे वीतभर, कुठे पुरुषभर. हा लाल पट्टा ध्यानात ठेवा, पुढे त्याचेच काम आहे.

घट्ट काळ्या पाषाणात पाणी मुरत नाही. नाणेघाटात सातवाहनांच्या काळात खोदलेली टाकी आणि माहुलीसारख्या गडांवरची टाकी याच गुणावर उभी आहेत. ना चुना, ना अस्तर, नुसता दगड पोखरला आणि पाणी राहिले. पाणी असते ते वरच्या मुरमात, भेगांत आणि ठिसूळ खडकात. तिथून ते खाली उतरते, लाल पट्ट्यावर किंवा घट्ट पाषाणावर अडते, आडवे सरकते आणि डोंगराच्या कुशीत जिथे तो थर उघडा पडलेला असेल तिथून झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. बहुतेक जुने पाडे अशाच झऱ्याच्या आसपास वसलेले दिसतात.

आता बोअर इथे काय करतो ते बघा. खोदाई मुरूम ओलांडते, ठिसूळ खडक ओलांडते, लाल पट्टा फोडते आणि खालच्या पाषाणात शिरते. खोदाईवाले केसिंग, म्हणजे भोक ढासळू नये म्हणून घालायचा पाइप, वरच्या मुरमापुरतेच घालतात, कारण पाइपाचे पैसे फुटावर लागतात. म्हणजे पाणी अडवून धरणाऱ्या थरालाच भोक पडले आणि त्याला पाइपही नाही. वरचे पाणी त्या भोकातून खाली उतरते आणि खालच्या एखाद्या कोरड्या भेगेत निघून जाते. बोअरलाही पुरेसे लागत नाही आणि शंभर पावलांवरचा झरा मात्र बारीक होतो. पाड्यातली माणसे म्हणतात, ‘बोअर मारला आणि झरा रुसला.’ रुसण्याचे कारण हे असते. त्यातून मे महिन्यात खोदताना पाण्याऐवजी दगडाच्या भुकटीचा कोरडा धूर निघाला की गाडीवाला म्हणतो, ‘अजून पन्नास फूट जाऊ.’ त्याचा हिशेब फुटावर चालतो. साधा इंडिया मार्क २ हातपंप ५० मीटरपर्यंतच्या पाण्यासाठी बनवलेला आहे. त्याखाली चार थेंब लागलेच तरी बाई दांडा मारून मारून थकते आणि आधी चामड्याचे वॉशर जाते, मग साखळी. बोअर कधीच मारू नये असे आम्ही म्हणत नाही. सपाटीवर, ओढ्याच्या काठी, भेगाळ पट्ट्यात तो चालतो. राज्य सरकारची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ पासून अशा जागा शोधायचेच काम करते आहे. तिच्या भूवैज्ञानिकाने जागेवर येऊन खूण केल्याशिवाय वर्गणीतला रुपयाही खोदाईवाल्याला देऊ नका, एवढेच.

मग पैसा कुठे घालायचा? झऱ्यावर. पण त्याआधी झरा मोजायचा, आणि ह्याला पैसा लागतच नाही. १० लिटरची बादली, झऱ्याच्या तोंडाशी चिकणमातीने पक्का बसवलेला वीतभर पाइपाचा तुकडा आणि मोबाइलमधले घड्याळ. बादली किती सेकंदांत भरते ते तीनदा मोजा आणि सरासरी घ्या. ऑक्टोबर ते मे, दर महिन्याच्या १ तारखेला, तीच बादली, तोच तुकडा. सकाळीच मोजा, कारण दिवसभर हंडे भरले गेले की कुंडीतली पातळी हलते.

आता हिशेब. बादली ५० सेकंदांत भरली तर मिनिटाला १२ लिटर, म्हणजे चोवीस तासांत १७,२८० लिटर. जलजीवन मिशन या सरकारी नळपाणी योजनेचे माप माणशी रोज ५५ लिटर. तीनशे माणसांच्या पाड्याला १६,५०० लिटर लागतात. म्हणजे मे महिन्यात मिनिटाला १२ लिटर देणारा, बघायला अगदी किरकोळ वाटणारा झरा अख्ख्या पाड्याला पुरतो. तरीही तिथे रांग का लागते? कारण झरा रात्रभर वाहतो आणि रात्री हंडा धरायला कुणी नसते. रात्री नऊ ते सकाळी सात या दहा तासांत ७,२०० लिटर पाणी ओहोळात निघून जाते. तिथे १०,००० लिटरची टाकी बांधली की बायकांची पहाटे तीनची रांग संपते. पाणी वाढत नाही, वाया जायचे थांबते. मिनिटाला तीनच लिटर देणारा झरासुद्धा दिवसाला ४,३२० लिटर देतो. टँकरचे माणशी २० लिटरचे माप धरले तर दोनशेहून जास्त माणसांचे पिण्याचे भागते.

शेवटच्या दिवसांत झरा कसा दिसतो ते फोटोत येत नाही. दगडाच्या चिरेत ताटाएवढा खळगा, त्यात बोटभर पाणी. वाटीने उपसून हंड्यात ओतायचे, तळ दिसला की थांबायचे, खळगा पुन्हा भरेपर्यंत बसून राहायचे. हंड्यामागे अर्धा-पाऊण तास. अशा जागी तुमचा अभियंता गेला की त्याची पहिली सूचना असते, ‘ब्रेकर लावून खळगा मोठा करू.’ कृपा करून लावू नका. धक्क्याने खालची चीर उघडली की पाणी दुसरीकडून वाट काढते, मग कितीही सिमेंट ओता, ते परत येत नाही.

झऱ्याची कुंडी बांधायची पद्धत साधी आहे, आणि साधी असल्यामुळेच चुकते. झऱ्याच्या तोंडाशी साचलेला गाळ आणि पालापाचोळा हाताने काढा, पहारीने नव्हे. पाणी नेमके कुठून येते ते दिसले की तोंडासमोर धुतलेली खडी रचा: आत मुठीएवढे दगड, बाहेर २० ते ४० मिलिमीटरची खडी. त्याच्या पुढे बुटकी भिंत. आता सगळ्यात महत्त्वाचे. बाहेर जाणारा पाइप झऱ्याच्या मूळ तोंडाच्या पातळीखालीच बसला पाहिजे. ‘जास्त साठेल’ म्हणून भिंत उंच केली आणि पाइप वर लावला की कुंडीतले पाणी मागे रेटा देते आणि झरा बाजूच्या चिरेतून निघून जातो. साठा कुंडीत करायचा नाही, खाली टाकीत करायचा. कुंडीला वाढीव पाण्याचा एक पाइप, तळाला गाळ काढायचा एक पाइप, दोन्हींना जाळी, नाहीतर बेडूक आणि खेकडे आत घर करतात. वर स्लॅब, त्याला कुलूप लागणारे झाकण. कुंडीच्या वरच्या अंगाला आठ-दहा मीटरवर आडवा चर काढा, म्हणजे पहिल्या पावसाचे शेणमातीचे पाणी बाजूने जाईल. आणि त्या चरापर्यंत गुरे येणार नाहीत असे कुंपण घाला. करवंदीचे चालते, तारेचीच हौस नको.

कुंडी ते टाकी पाइप टाकताना उतार असेल तर वीज लागत नाही. पाचशे मीटरपर्यंत आणि मिनिटाला १२ लिटरला ३२ मिलिमीटरचा एचडीपीई (काळ्या प्लास्टिकचा) पाइप पुरतो. मातीत तो दोन फूट खाली गाडा. कातळावर गाडता येत नाही, तिथे तेवढाच तुकडा जीआयचा (जस्त चढवलेल्या लोखंडाचा) घ्या. कातळावरचा काळा प्लास्टिक पाइप मार्चमधल्या वणव्यात वितळतो आणि दोष नंतर ‘गावाने सांभाळले नाही’ म्हणून गावावर येतो. वाटेत पाइप उंचवट्यावरून गेला असेल तर तिथे हवा अडकते आणि पाणी येईनासे होते. उंचवट्यावर हवेचा व्हॉल्व्ह बसवा, किंवा वळसा घ्या. उतार फार असेल तर दर पन्नास मीटर उंचीच्या फरकाला एक छोटी उघडी टाकी ठेवून दाब तोडा. दहा मीटर उंचीला एक बार दाब, आणि हलका पाइप सहा बारचा असतो, एवढे गणित ठेकेदाराला विचारले तरी तो जरा जपून वागेल.

टाकीत टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर, घालायचे काम जलसुरक्षकाचे, म्हणजे ग्रामपंचायतीने पाण्यासाठी नेमलेल्या माणसाचे. ३३ टक्के क्लोरीन असलेली ३ ग्रॅम पावडर हजार लिटरला घातली की लिटरमागे साधारण १ मिलिग्रॅम क्लोरीन मिळतो. नळाच्या टोकाशी किमान ०.२ मिलिग्रॅम उरला पाहिजे. अडचण वेगळीच असते. पावडरची पिशवी पावसाळ्यात एकदा उघडली की दमट हवेने तिचा जोर जातो, आणि माप तेच राहते. २५ किलोची गोणी भेट देऊ नका. लहान पाकिटे, घट्ट झाकणाचा डबा आणि क्लोरीन तपासायची बाटली द्या.

जागेचा प्रश्न येतोच, कारण झरा बहुतेक वेळा वनखात्याच्या हद्दीत असतो. ‘परवानगी मिळत नाही’ म्हणून बोअर मारला, हे आम्ही फार ऐकले आहे. वनहक्क कायदा २००६ च्या कलम ३(२) मध्ये पिण्याच्या पाण्याची योजना, पाइपलाइन, पाणी साठवण यांसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते. अट दोन गोष्टींची: हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडे तोडायची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस हवी. तो ठराव पावसाळ्यातल्या ग्रामसभेतच घ्यायला सांगा. १५ ऑगस्टची सभा त्यासाठी उत्तम. मेमध्ये ठराव झाला तर कागद हलेपर्यंत पाऊस येतो.

इथून कॅलेंडर सुरू होते. या डोंगरात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण चार महिन्यांत. ऑक्टोबरात ओहोळ वाहता असतो आणि अडवण्यासारखे पाणी तेव्हाच असते. मेमध्ये अडवायला काहीच नसते, म्हणून मेमध्ये फक्त टँकर आणि बोअर सुचतात.

वनराई बंधारा, म्हणजे माती-वाळूच्या गोण्यांचा तात्पुरता बांध, ऑक्टोबरच्या शेवटी, ओढ्याची धार घोट्याएवढी झाली की बांधायचा. जागा निवडताना ओढ्याचा उतार बघा. पन्नास मीटरला एक मीटर उतार असेल, तर एक मीटर उंचीच्या बंधाऱ्यामागे पन्नास मीटर पाणी मागे सरते. रुंदी सरासरी चार मीटर आणि खोली सरासरी अर्धा मीटर धरली तर शंभर घनमीटर, म्हणजे एक लाख लिटर. तेच दहा मीटरला एक मीटर अशा तीव्र उतारावर बांधलात तर वीस हजार लिटर. श्रम तेवढेच, पाणी पाचपट कमी. रस्त्याजवळ, फोटोला सोयीची जागा बहुतेक दुसऱ्या प्रकारची असते.

सहा मीटर लांब, एक मीटर उंच, तळाशी दोन मीटर आणि माथ्यावर एक मीटर रुंद बंधाऱ्याला नऊ घनमीटर भराव लागतो. सिमेंटची रिकामी गोणी दोन तृतीयांश भरली की ती साधारण ६० बाय ४० बाय १५ सेंटिमीटरची बसते. म्हणजे अडीचशे गोण्या, फाटक्या धरून पावणेतीनशे. ठाण्यात एवढ्या गोण्या एका बांधकामावर एका दिवसात मिळतात, पाड्यावर त्या विकत आणाव्या लागतात. तुमची खरी मदत इथे आहे. गोणी तोंडापर्यंत भरू नका, नाहीतर ती गोल राहते आणि दोन गोण्यांमध्ये फट पडते. तोंड दाभणाने सुतळी ओवून शिवा. नुसती गाठ मारली की उलटल्यावर सुटते. विटांच्या भिंतीसारखे सांधे मोडून थर रचा, शिवलेले तोंड पाण्याच्या बाजूला नको. नुसती वाळू भरली तर पाणी झिरपते, नुसती माती भरली तर वाहून जाते. दोन्ही मिसळा, आणि ती बंधाऱ्याच्या खालच्या बाजूने उचला. पाण्याच्या अंगाला ताडपत्री लावून तिची खालची कड फूटभर चरात चिकणमातीने गाडा. मधला भाग कडांपेक्षा एक थर खाली ठेवा, म्हणजे दिवाळीत अवकाळी आला तर पाणी मधून जाईल. कडेने गेले तर काठ खाते. आणि मेअखेर गोण्या काढून घ्या. उन्हाने त्यांचे धागे सुटतात आणि पहिल्या पुरात सगळे प्लास्टिक खालच्या खाचरांत जाऊन बसते. लावणीच्या चिखलात पायाला गुंडाळणाऱ्या त्या धाग्यांनी तुमच्या मंडळाचे नाव गावात निघते, चांगल्या अर्थाने नव्हे.

भेगाळ कातळावर बंधारा घालू नका; पाणी गोण्यांखालून निघून जाते. मात्र हीच भेग गावविहिरीच्या वरच्या अंगाला असेल तर तिथेच घाला, कारण ते झिरपलेले पाणी विहिरीत उतरते.

विहिरीवरून आठवले. टँकरचे पाणी कोरड्या विहिरीत ओतू नका. तळाच्या भेगांतून त्यातले बरेचसे खाली जाते, राहिलेले गढूळ होते, आणि चाळीस बायका एका वेळी दोर सोडतात, त्यात तोल जातो. ५,००० लिटरच्या दोन प्लास्टिक टाक्या आणि सहा तोट्या असल्या की तेच टँकर दीडपट पुरतात असे गावातले लोक सांगतात.

डोंगरावर समतल चर, म्हणजे पावसाचे पाणी मुरवायला उताराला आडवे, एका पातळीतले चर, खणायला तुमचे तरुण उत्साहाने येतात. ते चर झऱ्याच्या पाणलोटातच खणले पाहिजेत आणि तो पाणलोट कधी कधी डोंगराच्या माथ्याच्या धारेपलीकडे असतो, कारण पाणी थराच्या कलाने सरकते, डोंगराच्या उताराने नव्हे. भूवैज्ञानिकाला एक दिवस आणा, तो हातातल्या होकायंत्राने थराचा कल बघून सांगेल. चर पाणसळीने समपातळीत हवेत; एका टोकाला वीतभर उतार राहिला तर सगळे पाणी तिकडे धावते आणि चर फुटून घळ पडते. आणि घरांच्या वर, तीव्र उतारावर, जाड मुरूम असेल तिथे चर मुळीच नकोत. दरडीखाली गाडली गेलेली ३० जुलै २०१४ चे माळीण आणि १९ जुलै २०२३ ची इर्शाळवाडी ही गावे याच खडकाच्या मुलखातली आहेत. अशा उतारावर पाणी मुरवायचे नसते, बाहेर काढायचे असते.

जुलैतले वृक्षारोपण थोडक्यात: वीतभर मातीखाली कातळ असेल तिथे रोप जगत नाही, बॅनर जास्त दिवस टिकतो. झाडे वाचवायचीच असतील तर आहेत ती वाचवा, आणि त्याची वाट भाताच्या शेतातून जाते. भाताच्या रोपवाटिकेसाठी राब भाजतात, म्हणजे रोपाच्या जागेवर पालापाचोळा रचून जाळतात. त्याला ऐनाच्या फांद्या, पाला, गवत, शेणी लागतात आणि फांद्या येतात झऱ्याच्या वरच्या रानातून. भात लावायच्या चारसूत्री पद्धतीत राबाऐवजी गादीवाफ्यात भाताच्या तुसाची काळी राख चौरस मीटरला अर्धा ते एक किलो मिसळतात. राख काळीच हवी. पूर्ण जळून पांढरी झाली तर उपयोग कमी होतो, म्हणून तूस धगधगते न ठेवता धुमसते ठेवून वेळीच पाणी मारतात. तुसातल्या सिलिकाने रोपाचा बुडखा कणखर होतो. पुढे १५ आणि २५ सेंटिमीटर अशा आलटून पालटून अंतरावर दोन-तीन रोपांचे चूड लावायचे आणि प्रत्येक चार चुडांच्या मधोमध २.७ ग्रॅमची युरिया-डीएपी खतांची गोळी सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचायची. हेक्टरी ६२,५०० गोळ्या, वजनात सुमारे १७० किलो. फेकलेला युरिया इथल्या पावसात खाचरातून ओहोळात जातो, गोळी चिखलात राहते. अडते कुठे? दोरीला खुणा करून सरळ लावायला माणसे जास्त लागतात आणि लावणीच्या आठवड्यात माणूस मिळत नाही. तूस गिरणीतच राहते, कारण ते वाहून आणायला गाडी नसते. एप्रिलमध्ये बोअरऐवजी एक टेम्पो तूस पाड्यावर पोचवलात तर त्या वर्षी राबासाठी झोडपल्या जाणाऱ्या ऐनाच्या फांद्या झाडावरच राहतील.

यातले पाणी तुमचेही आहे, हे वेगळे सांगायला नको. भातसा नदीचे पाणी ठाण्याच्या नळांना येते. ऐरोली-दिघ्याच्या पट्ट्यात बारवी धरणाचे पाणी येते. शहापूर तालुक्यात धरणे आहेत आणि दर उन्हाळ्यात टँकरही आहेत. पाणी खालच्या दरीत अडते, पाडे वरच्या सोंडेवर असतात, आणि पाणी वर चढत नाही.

यंदा तुमची सभा सप्टेंबरमध्ये घ्या. वर्गणी जमली तर ती बँकेतच ठेवा. पहिली फेरी १ ऑक्टोबरला: चार माणसे, एक बादली, वीतभर पाइप, वही. ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक), जलसुरक्षक आणि पाणी भरणाऱ्या दोन बायका यांना बरोबर घेऊन पाड्याचे सगळे झरे बघा. बायकांना तीन झरे माहीत असतात तिथे कागदावर एकच असतो. दुसरी फेरी महिनाअखेर, तीनशे रिकाम्या गोण्या, सुतळी, बारा दाभणे आणि ताडपत्री घेऊन. जेवणाची सोय पाड्यावर करू नका, डबे आणा. तेव्हा हळव्या (लवकर पिकणाऱ्या) भाताची कापणी चालू असते.

आपले,
मुरबाड आणि शहापूरच्या डोंगरात पाणी व भातशेतीचे काम करणारे काही ठाणेकर